रक्ताची स्लाइड: थेंबापासून शंभराव्या पेशीपर्यंत

सेल काउंटर मिनिटभरात आकडे देतो. हिमोग्लोबिन, तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, सगळं एका कागदावर. त्यातला एखादा आकडा बाकीच्यांशी जुळत नसला किंवा यंत्राने त्यापुढे खूण टाकली, की ट्यूब परत हातात घ्यायची आणि स्लाइड करायची, म्हणजे रक्त काचेवर पसरवून, रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहायचं. हे काम रोज करणाऱ्या आम्हा सगळ्यांचं एका बाबतीत एकमत आहे. मायक्रोस्कोपखाली जे चुकतं, त्यातलं बरंचसं त्याआधीच चुकलेलं असतं: थेंब ठेवताना, स्मिअर (काचेवरचा रक्ताचा पातळ थर) काढताना, वाळवताना आणि स्टेनवर (रंगवायच्या द्रवावर) पाणी घालताना. म्हणून सुरुवात पेशींपासून नाही, ट्यूबपासून.

ट्यूब जांभळ्या टोपणाची. आत ईडीटीए असतं, दर मिलिलिटर रक्तामागे साधारण १.५ ते २ मिलिग्रॅम. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं. ईडीटीए ते धरून ठेवतं, म्हणून रक्त पातळ राहतं. हे प्रमाण ट्यूबवरच्या खुणेपर्यंत रक्त भरलं तरच बरोबर बसतं. शीर नीट सापडली नाही, जेमतेम अर्धा मिलिलिटर रक्त आलं आणि तेच मोठ्या ट्यूबमध्ये सोडलं, तर ईडीटीए जास्त होतं, पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि तांबड्या पेशींच्या कडा काटेरी दिसतात. रक्त घेतल्याबरोबर ट्यूब आठ-दहा वेळा सावकाश उलटसुलट करायची, खळखळून हलवायची नाही. उभ्या ट्यूबमध्ये पेशी खाली बसतात, म्हणून स्लाइडआधी पुन्हा मिसळायची. लाकडी काडी आत फिरवून गुठळी आहे का तेही पाहायचं. गुठळी अगदी बारीक असली तरी तिच्यात प्लेटलेट अडकून पडतात आणि रिपोर्टमध्ये त्या कमी दिसतात.

रक्त घेतल्याची वेळ ट्यूबवर असलीच पाहिजे. स्लाइड पहिल्या दोन तासांत झाली तर उत्तम. चार तासांपुढे जाऊ नये. ईडीटीएमध्ये पडून राहिलेल्या रक्तात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाचे खंड गोळे होऊन सुटे पडतात आणि पेशीद्रवात पोकळ्या दिसू लागतात. ताज्या रक्तात न्यूट्रोफिलमध्ये अशा पोकळ्या दिसल्या तर रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाची शंका घ्यावी लागते. शिळ्या रक्तात त्याच पोकळ्यांना काही अर्थ नसतो. स्लाइडकडे पाहून हा फरक सांगता येत नाही, तो फक्त घड्याळ सांगतं.

आता स्मिअर. काच स्वच्छ आणि तेलकटपणा नसलेली हवी. बोटाचा ठसा उमटला की तिथे रक्त पसरत नाही आणि स्मिअरला भोकं पडतात, म्हणून काच कडेनेच धरायची. एका टोकापासून सुमारे एक सेंटिमीटरवर दोन ते तीन मिलिमीटर व्यासाचा थेंब. पसरवायची काच मुद्दाम थोडी अरुंद घ्यायची, कोपरा तोडलेली चालते. त्यामुळे स्मिअरच्या दोन्ही कडा स्लाइडच्या आत राहतात आणि त्या कडांवरच्या पेशीही मोजता येतात. ही काच थेंबाच्या पुढे ३० ते ४५ अंशांत टेकवायची, मागे नेऊन थेंबाला लावायची, रक्त तिच्या कडेने दोन्ही बाजूंना धावलं की लगेच एका दमात, एका गतीने पुढे न्यायची. मध्ये थांबायचं नाही, दाबायचं नाही, शेवटी झटका देऊन उचलायची नाही.

चांगला स्मिअर काचेच्या साधारण दोन तृतीयांश भागावर पसरतो, थेंबाकडे जाड असतो आणि पुढे पातळ होत होत गोलसर शेपटीत संपतो. हात थरथरला तर आडव्या लाटा पडतात. पसरवायच्या काचेची कड खडबडीत असली किंवा तिला आधीचं रक्त चिकटलेलं असलं, तर शेपटीला रेघा पडतात आणि मोठ्या पांढऱ्या पेशी त्या रेघांत ओढल्या जातात. थेंब ठेवून दुसऱ्या कामाकडे वळलं, तर प्लेटलेट गोळा होतात आणि पेशींची वाटणी बिघडते.

कोन आणि गती यांचा हिशेब एकदा हाताला बसला की विसरत नाही. कोन जास्त आणि गती जास्त, तर स्मिअर जाड. कोन कमी आणि गती कमी, तर पातळ. म्हणून खूप ॲनिमिया असलेलं पातळ रक्त नेहमीच्या कोनाने ओढलं तर ते काचेच्या टोकापर्यंत पळतं; तिथे कोन वाढवायचा आणि हात चपळ ठेवायचा. नवजात बाळाचं किंवा पॉलिसायथेमियाच्या (तांबड्या पेशी फार वाढण्याच्या आजाराच्या) रुग्णाचं रक्त दाट असतं. तिथे कोन २५ अंशांच्या आसपास आणायचा. सगळ्यांचं रक्त एकाच कोनात ओढणारा माणूस नेमक्या आजारी लोकांच्याच स्लाइड खराब करतो.

वाळवणं ही सगळ्यात दुर्लक्षित पायरी. स्मिअर काढल्याबरोबर काच हवेत हलवून काही सेकंदांत कोरडी व्हायला हवी. दमट हवेत किंवा जाड स्मिअरमध्ये वाळायला वेळ लागला, की तांबड्या पेशींच्या मध्यभागी कडा स्पष्ट असलेली, चमकणारी पोकळ जागा दिसते. हा पाण्याचा दोष. नवख्याला तो लोहाच्या कमतरतेचा फिकटपणा वाटतो. खऱ्या फिकटपणात रंग मध्याकडे हळूहळू उतरत जातो. पाण्याच्या दोषात तो एकदम तुटतो. फाइन फोकस पुढेमागे केला की ही जागा चमकते, खरा फिकटपणा चमकत नाही. तोंडाने फुंकर मारून वाळवायचं नाही, श्वासात वाफ असते. नाव आणि नंबर पेन्सिलने, जाड टोकावर किंवा काचेच्या घासलेल्या भागावर. पेनची शाई मिथेनॉलमध्ये धुऊन जाते.

स्टेन आम्ही लिशमन वापरतो. रशियन डॉक्टर दिमित्री रोमानोव्स्की यांनी १८९१ मध्ये इओसिन आणि जुना मिथिलीन ब्लू एकत्र करून मलेरियाच्या परजीवीचं केंद्रक जांभळं रंगवून दाखवलं. विल्यम लिशमन यांची पद्धत १९०१ ची. तत्त्व आजही तेच आहे. इओसिन आम्लधर्मी रंग, तो हिमोग्लोबिन आणि इओसिनोफिलच्या कणिकांना धरतो. अॅझ्युअर आणि मिथिलीन ब्लू हे अल्कधर्मी रंग डीएनए आणि आरएनएला धरतात. दोन्ही एकाच पेशीवर पडले की पाचही प्रकारच्या पांढऱ्या पेशी (न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल) वेगळ्या ओळखू येतात.

०.१५ ग्रॅम पूड १०० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये विरघळवायची, काही दिवस मुरू द्यायची आणि वापरण्यापूर्वी गाळायची. स्लाइड रॅकवर आडवी ठेवून स्मिअर पूर्ण झाकेल इतका स्टेन घालायचा. पहिली दोन मिनिटं पाणी न घालता. या वेळात मिथेनॉल पेशींना काचेवर पक्कं करतं. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून बाटलीचं झाकण उघडं ठेवणं म्हणजे पुढच्या सगळ्या स्लाइडमध्ये पाण्याचा दोष आणणं. मग स्टेनच्या दुप्पट ६.८ पीएचचं बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) घालायचं, पिपेटने हलकी हवा सोडून मिसळायचं आणि सात ते दहा मिनिटं थांबायचं. वर धातूसारखी चमकणारी साय आली की मिश्रण बरोबर जमलं.

धुताना स्टेन आधी ओतून टाकायचा नाही. स्लाइड आडवी असतानाच वरून पाणी सोडायचं, म्हणजे साय तरंगत बाहेर जाते. आधी तिरपी केली तर तीच साय स्मिअरवर बसते, आणि मग तिचे जांभळे कण कधी प्लेटलेट वाटतात, कधी जंतू. स्लाइड उभी ठेवून वाळवायची आणि मागची बाजू मिथेनॉलच्या बोळ्याने पुसायची.

रंग बिघडला तर पहिला संशय बफरवर घ्यावा. पीएच खाली गेला तर सगळं लालसर दिसतं आणि केंद्रकं फिकी पडतात. वर गेला तर तांबड्या पेशी निळसर-करड्या होतात आणि इओसिनोफिलच्या कणिका नारंगी न राहता गडद दिसतात. बफरऐवजी नळाचं पाणी घालणाऱ्या ठिकाणी रोजचा रंग वेगळा असतो, आणि रंग रोज बदलला की डोळ्याला सवय कशाचीच होत नाही. मलेरिया शोधायचा असेल तर पीएच मुद्दाम ७.२ ठेवतात, म्हणजे बाधित तांबड्या पेशीतले बारीक ठिपके उठून दिसतात.

आता मायक्रोस्कोप. थेट तेलाच्या लेन्सवर (तेलाचा थेंब टाकून वापरायच्या, सर्वांत मोठं दाखवणाऱ्या लेन्सवर) उडी मारायची नाही. आधी १० च्या लेन्सने सगळा स्मिअर फिरून पाहायचा, विशेषतः शेपटी आणि कडा. प्लेटलेटचे गठ्ठे, मोठ्या अपक्व पेशी, असल्याच तर मायक्रोफायलेरिया (हत्तीरोगाच्या जंताची पिल्लं), हे सगळं शेपटीकडे ढकललेलं असतं. मग वाचायची जागा निवडायची: शेपटीच्या जरा मागे, जिथे तांबड्या पेशी शेजारी शेजारी आहेत, पण एकमेकींवर चढलेल्या नाहीत. त्याहून जाड भागात लिम्फोसाइट आक्रसून काळपट ठिपके होतात आणि तांबड्या पेशी एकावर एक रचल्यासारख्या दिसतात. शेपटीच्या टोकाला प्रत्येक तांबडी पेशी मध्यात गडद, गोल दिसते, आणि तिथे पाहणारा नसलेले स्फिरोसाइट (चेंडूसारख्या गोल झालेल्या तांबड्या पेशी) लिहून मोकळा होतो.

शंभर पांढऱ्या पेशींत कोणत्या प्रकारच्या किती, हे मोजताना सरळ रेषेत जायचं नाही. मोनोसाइट आणि न्यूट्रोफिल कडांकडे व शेपटीकडे जास्त असतात, लिम्फोसाइट मधल्या भागात. म्हणून कडेपासून आत, थोडं पुढे, पुन्हा कडेकडे, अशी नागमोडी वाट धरायची आणि वाटेत येणारी प्रत्येक पांढरी पेशी मोजायची. ओळखू न आलेली पेशी सोडून पुढे जाण्याचा मोह होतो. तिचीही नोंद करायची, कारण अनेकदा आजार तिच्यातच असतो.

शंभर पेशी मोजून काढलेला टक्का किती पक्का, हे रिपोर्ट वाचणाऱ्यालाही माहीत असावं. शंभरात १० मोनोसाइट सापडले, तर खरा आकडा ९५ टक्के खात्रीने ४ ते १८ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. दोनशे मोजल्या तर तीच पट्टी साधारण ६ ते १५ वर येते. कालचे ६ टक्के आज ९ झाले म्हणून कुणी काळजीत पडलं, तर त्या वाढीला बहुधा काहीच अर्थ नसतो.

न्यूट्रोफिल प्रौढांत सर्वांत जास्त, साधारण ४० ते ७० टक्के. पेशी १२ ते १५ मायक्रॉनची, केंद्रकाचे दोन ते पाच खंड बारीक धाग्यांनी जोडलेले, पेशीद्रव फिकट गुलाबी. ती बोन मॅरोमध्ये तयार होते आणि रक्तात जेमतेम काही तास राहून ऊतींत निघून जाते. त्यातही रक्तातल्या न्यूट्रोफिलपैकी जवळजवळ निम्म्या वाहत्या रक्तात नसतातच, त्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना लगटून असतात. जोराचा व्यायाम, वेदना, भीती यांनी अॅड्रेनालिन वाढलं की त्या सुटून प्रवाहात येतात, आणि एकही नवी पेशी तयार न होता काही मिनिटांत आकडा दुपटीच्या घरात जाऊ शकतो. जंतुसंसर्गातही आकडा वाढतो. यंत्राला दोन्ही वाढी सारख्याच दिसतात. स्लाइडवर त्या वेगळ्या असतात: भिंतीवरून सुटलेल्या पेशी पक्व आणि स्वच्छ असतात. संसर्गात मॅरो घाईने माल पाठवते, म्हणून खंड न पडलेली, पट्टीसारख्या केंद्रकाची तरुण पिढी दिसते, कणिका गडद आणि भरड होतात, आणि पेशीद्रवाच्या कडेला फिकट निळे डाग दिसतात. हे डोह्ले बॉडीज म्हणजे पेशीतल्या आरएनए असलेल्या जाळ्याचे उरलेले तुकडे. उलट, सहा खंडांची एक जरी न्यूट्रोफिल सापडली, किंवा पाच खंडांच्या पाच टक्क्यांहून जास्त निघाल्या, तर बी-१२ किंवा फोलेटच्या कमतरतेकडे पाहायचं.

लिम्फोसाइटबद्दल मात्र स्लाइड एक मोठी गोष्ट दाखवू शकत नाही. शरीरातल्या लिम्फोसाइटपैकी रक्तात असतात त्या सुमारे दोन टक्केच. बाकीच्या लसीकाग्रंथी, प्लीहा, बोन मॅरो, आतड्याची भिंत अशा ठिकाणी. रक्तातली लिम्फोसाइट लसीकाग्रंथीतल्या खास उंच पेशींच्या शिरिकांमधून आत शिरते, आपल्याला जुळणारं प्रतिजन (जंतूचा किंवा परक्या पदार्थाचा ओळखीचा अंश) सापडतंय का ते पाहते, आणि नाही सापडलं तर लसीकेबरोबर बाहेर पडून वक्षनलिकेतून डाव्या बाजूला मान आणि हाताच्या शिरा मिळतात तिथे पुन्हा रक्तात येते. ही फेरी आयुष्यभर चालू असते. स्टेरॉइड दिल्यावर रक्तातल्या लिम्फोसाइट काही तासांत घटतात, त्यातल्या बऱ्याचशा मेलेल्या नसतात, फक्त मुक्कामाला थांबलेल्या असतात.

शांत लिम्फोसाइटचं केंद्रक तांबड्या पेशीएवढं, गोल आणि दाट, भोवती पेशीद्रवाची बारीक निळी किनार. म्हणूनच ते स्लाइडवरचं आकार मोजायचं आमचं माप असतं. विषाणूसंसर्गात चेतवलेल्या पेशी मोठ्या होतात, पेशीद्रव पसरतो, कडेला गडद निळा होतो आणि शेजारच्या तांबड्या पेशींना बिलगून त्यांच्या आकाराप्रमाणे आत दबतो. ग्रंथीज्वरात (लसीकाग्रंथी सुजवणाऱ्या विषाणूच्या तापात) विषाणू शिरतो बी-लिम्फोसाइटमध्ये, पण स्लाइडवर दिसणाऱ्या या मोठ्या पेशी बहुतांशी त्यांच्यावर तुटून पडलेल्या टी-पेशी (लिम्फोसाइटचाच दुसरा प्रकार) असतात. या पेशी आणि ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) ब्लास्ट, म्हणजे अपक्व पेशी यांत गल्लत होते ती पहिल्या नजरेत. एकेका पेशीवर डोकं फोडण्यापेक्षा सगळ्या एकत्र पाहाव्या. चेतवलेल्या पेशींत विविधता असते: लहान, मोठ्या, मधल्या, वेगवेगळ्या आकाराची केंद्रकं. ब्लास्ट बहुधा एकाच साच्यातल्या, बारीक विणीच्या केंद्रकाच्या, केंद्रकात केंद्रिका ठळक. सगळ्या पेशी एकसारख्या दिसू लागल्या की थांबायचं आणि वरिष्ठांना बोलवायचं.

मोनोसाइट सर्वांत मोठी, १५ ते २० मायक्रॉन, घडी पडलेलं केंद्रक आणि राखी-निळा पेशीद्रव. इओसिनोफिल नारंगी, एकसारख्या मोठ्या कणिकांची, ती ओळखायला कधी अडचण येत नाही. बेसोफिल दुर्मिळ, तिच्या कणिका पाण्यात विरघळतात, म्हणून मिथेनॉलने पेशी पक्क्या करणं, म्हणजे फिक्सिंग, कच्चं राहिलं तर त्या धुऊन जातात आणि पेशी रिकामी दिसते.

प्लेटलेटचा अंदाज तेलाच्या लेन्सखाली दहा क्षेत्रं मोजून काढतात: सरासरी गुणिले १५,००० ते २०,०००. क्षेत्राला सरासरी दहा असतील तर दीड ते दोन लाख. हा अंदाज यंत्राशी जुळला नाही तर शेपटी पुन्हा पाहायची. काही लोकांच्या रक्तात ईडीटीए असतानाच प्लेटलेटना चिकटवणारं प्रतिपिंड असतं. ट्यूबमध्ये गठ्ठे होतात, यंत्र ते प्लेटलेट म्हणून मोजत नाही आणि रिपोर्टवर चाळीस हजार येतं. माणसाच्या शरीरात प्लेटलेट पुरेशा असतात. अशा वेळी सोडियम सायट्रेटच्या ट्यूबमध्ये नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट असं नव्याने रक्त घ्यायचं, मोजायचं आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं. गठ्ठे न पाहता तो आकडा तसाच गेला, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते किंवा गरज नसताना प्लेटलेट चढवल्या जातात. आमच्या मते फक्त एवढ्या एका कारणासाठीही कमी प्लेटलेटच्या प्रत्येक रिपोर्टमागे स्लाइड असायलाच हवी.

तांबड्या पेशी बघताना एक खूण आवर्जून शोधावी. पेशीच्या आत एकच, गोल, गडद जांभळा ठिपका, हॉवेल-जॉली बॉडी. तो केंद्रकाचा उरलेला तुकडा. प्लीहेत तांबड्या पेशींना स्वतःच्या व्यासापेक्षा कितीतरी अरुंद फटींतून अंग चोरून निघावं लागतं. मऊ पेशी निघते, पण कडक ठिपका मागे खेचून काढला जातो. प्रौढाच्या स्लाइडवर असे ठिपके पुन्हा पुन्हा दिसले, तर प्लीहा काढलेली आहे किंवा काम करत नाही. हे डॉक्टरांना कळवणं महत्त्वाचं, कारण न्यूमोकोकससारख्या आवरण असलेल्या जंतूंना रक्तातून गाळणं हे प्लीहेचं काम आहे. अशा माणसाला लसी लागतात आणि ताप आला तर त्याने वाट पाहायची नसते.

शेवटी हिशेब. नुसता टक्का फसवतो. एकूण पांढऱ्या पेशी ३,००० आणि लिम्फोसाइट ६० टक्के आल्या, तर वाचणारा म्हणतो लिम्फोसाइट वाढल्या. गुणाकार केला तर त्या १,८०० येतात, म्हणजे ठीक. न्यूट्रोफिल ३० टक्के म्हणजे ९००, आणि खरी अडचण ती आहे. हा आकडा ५०० च्या खाली गेला तर गंभीर संसर्गाचा धोका फार वाढतो. म्हणून रिपोर्टवर टक्क्यांशेजारी प्रत्यक्ष संख्या लिहायची.

केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी दिसल्या तर त्यांचाही हिशेब करायचा, कारण काही यंत्रं त्यांना पांढऱ्या पेशींत धरतात. शंभर पांढऱ्या पेशी मोजताना अशा २० दिसल्या आणि यंत्राचा आकडा १२,००० असेल, तर १२,००० गुणिले १०० भागिले १२०, म्हणजे खऱ्या पांढऱ्या पेशी १०,०००. दुरुस्ती केली आहे असा शेरा खाली लिहायचा, नाहीतर पुढचा माणूस तीच दुरुस्ती पुन्हा करतो.

ब्लास्ट, मलेरियाचे परजीवी किंवा तांबड्या पेशींचे शिरस्त्राणासारखे तुटके तुकडे मोठ्या प्रमाणात दिसले, तर रिपोर्ट छापून येण्याची वाट पाहायची नाही. त्याच ट्यूबमधून दुसरी स्लाइड, नाव आणि नंबर पुन्हा ताडून, दुसऱ्या माणसाच्या डोळ्याखालून. आणि मग थेट फोन. फोन कुणाला केला, किती वाजता केला आणि पलीकडच्याने आकडा परत वाचून दाखवला का, हे रजिस्टरमध्ये लगेच लिहायचं.